पिवळ्या फुलावरचा करपा

"मॅडम, फुलावर करपा आलाय. मोरचूद भिजत घातलाय. किती टाकू तेवढं सांगा."

फोनवर नाना होते. निफाडजवळचे द्राक्षबागायतदार. त्यांच्या बंगल्यातला समुद्राच्या पाण्याचा फिशटँक मी सांभाळत होते. त्या वेळी नाशिक रोडच्या दुकानात मी एका गिऱ्हाइकाला गोल्डफिश पिशवीत भरून देत होते. पिशवी तशीच हातात राहिली.

"नाना, काहीही टाकू नका. एक थेंबही नको. मी निघाले."

"थोडं टाकलंय," नाना म्हणाले. "पण काळजी नाय. एका बाजूलाच टाकलंय. ट्रायल म्हणून."

द्राक्षवाले कुठलंही औषध आधी एका ओळीवर मारून बघतात. पानं जळली नाहीत तर मग सगळ्या बागेवर. पद्धत चांगली आहे. फक्त पाण्याच्या टँकला ओळी नसतात. उजव्या कोपऱ्यात टाकलेलं पाच मिनिटांत डाव्या कोपऱ्यात पोचतं. आणि मोरचूद म्हणजे तांब्याचं निळं मीठ. चुन्यात मिसळून द्राक्षवेलीवर मारलं की करप्याची बुरशी मरते. समुद्राच्या पाण्यात टाकलं तर मासा कदाचित तग धरतो, पण ज्या जिवाला पाठीचा कणा नाही तो मरतो. नानांचं फूल असंच बिनकण्याचं होतं.

मी गोल्डफिश गिऱ्हाइकाच्या हातात कोंबला, सुटे पैसे परत द्यायचे विसरले, दुकान शेजारच्या स्टेशनरीवाल्याच्या हवाली केलं आणि स्कूटरला किक मारली. निफाडपर्यंत तासाभराचा रस्ता आहे. तोवर मागचं सांगते.

तेव्हा माझी चाळिशी नुकतीच उलटली होती. प्राणिशास्त्राची पदवी घेतली होती, ती लग्नानंतर बरीच वर्षं ट्रंकेत होती. मुलं मोठी झाल्यावर माशांचं दुकान काढलं. कॉलनीतली मुलं गप्पी आणि एंजल घेऊन जायची, ते बरं चाललं होतं. मग मला खाऱ्या पाण्याच्या टँकचा नाद लागला. परदेशी पुस्तक एकच होतं, ते मी पाठ केलं आणि व्हिजिटिंग कार्डावर 'मरीन कन्सल्टंट' असं छापून घेतलं. नाशिकहून समुद्र बघायचा तर कसाऱ्याचा घाट उतरावा लागतो. तरी मरीन. शिवाय कामावर जाताना मी पांढरा कोट घालायची. खिशात थर्मामीटर आणि ड्रॉपर. आमचे हे म्हणायचे, "कोटावर काहीतरी लिहून घे, नाहीतर लोक म्हशी दाखवायला आणतील." ते एकदा खरंच झालं, ती गोष्ट इथे नको.

नाना बागायतदारांच्या अभ्यासदौऱ्यावर युरोपला जाऊन आले होते. तिथल्या द्राक्षबागांबद्दल ते फारसं बोलायचे नाहीत. हॉटेलच्या लॉबीत भिंतभर समुद्र पाहिला, तेच सांगायचे. एक्स्पोर्टचा सीझन चांगला गेला तसा त्यांनी बंगला बांधला आणि हॉलच्या भिंतीत दिवाणाएवढा टँक बसवायला मला बोलावलं. मी बसवला. फिल्टर केलेल्या पाण्यात तयार मीठ मिसळून समुद्राचं पाणी करतात, त्यासाठी एक मोठा नवा ड्रम मागच्या व्हरांड्यात ठेवला. त्यात नेहमी पाणी तयार असायचं. मी ड्रमवर खडूने लिहिलं होतं, 'समुद्र. हात लावू नये.'

वास्तुशांतीच्या दिवशी मी पोचले तर टँकसमोर गर्दी. नाना मुंबईला जाऊन स्वतःच एक समुद्रफूल घेऊन आले होते. सोबत क्लाउन फिशची जोडी, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली. समुद्रफूल नावालाच फूल असतं. तो प्राणी आहे. तळव्याने दगडाला चिकटून बसतो, वर मऊ बोटांसारखे शुंडक हलवत राहतो, त्यात भक्ष्य सापडलं की मधल्या तोंडात सरकवतो. दुसऱ्या माशांना त्याचा डंख बसतो. क्लाउन फिश मात्र त्यातच घर करतात.

नानांचं फूल पिवळं होतं. पिवळसर म्हणावं तसलं नाही, हळदीच्या दिवशी नवरीच्या हाताला असतं तसलं पिवळं.

"मॅडम, कसं हाय?" नानांनी चारचौघांत विचारलं.

मी कोटाच्या खिशात हात घातले आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." पुस्तकात नसलेल्या गोष्टीला तेव्हा मी हाच शब्द वापरायची. डॉक्टरही वापरतात असं नंतर कळलं.

पुढच्या फेरीला नीट पाहिलं. अशा फुलांचा स्वतःचा रंग तपकिरी, बदामी, कधी हिरवट असतो. शुंडकांची टोकं जांभळी नाहीतर गुलाबी. तळवा वेगळ्याच रंगाचा. निसर्ग एकाच डब्यातून सगळीकडे रंग देत नाही. इथे तळवा पिवळा, तोंड पिवळं, टोकं पिवळी. लग्नाच्या मांडवाला रंग मारावा तसा एकच हात सगळीकडे फिरला होता. दगड हलवताना फुलाचा बुळबुळीत चिकटा माझ्या बाहीला लागला आणि बाही पिवळी झाली. पांढऱ्या कोटाचा माझ्या उभ्या कारकिर्दीत झालेला हा एकमेव उपयोग.

म्हणजे फूल रंगवलेलं होतं. असं करतात. या प्राण्याच्या अंगात डोळ्यांना दिसणार नाही एवढं बारीक शेवाळ राहतं. ते उजेडात अन्न तयार करतं आणि घरमालकालाही देतं. फुलाचा तपकिरी रंग त्या शेवाळाचाच. प्रवासात, अंधारात, गरम पाण्यात हाल झाले की शेवाळ निघून जातं आणि फूल पांढरं पडतं. पांढरं फूल म्हणजे उपाशी फूल. पण ते कुणी विकत घेत नाही, म्हणून रंगाच्या पाण्यात ठेवून त्याला पिवळं, गुलाबी, निळं करतात. गिऱ्हाईक खूश होतं. फूल आतून उपाशीच राहतं आणि काही महिन्यांत जातं.

हे असं चार ओळींत नानांना सांगायला हवं होतं. आता सांगता येतं. तेव्हा मी कन्सल्टंट होते. मी नानांना समोर बसवलं आणि म्हणाले, "नाना, हे पिगमेंटेशन नॅचरल नाही. सिम्बायॉटिक अल्गीचा ऱ्हास झालाय. त्याला झूझँथेली म्हणतात. योग्य प्रकाश आणि पोषण मिळालं तर झूझँथेली रिकव्हर होतील. मग तपकिरी शेवाळ पुन्हा टिश्यूमध्ये वाढेल."

नाना मान डोलवत होते. मान डोलवणारा माणूस ऐकत असतो, एवढंच त्यावरून धरावं.

"मग औषध काय?" त्यांनी विचारलं.

"उजेड वाढवायचा. आणि अधूनमधून कोळंबीचा तुकडा."

सोफ्यावर नानांच्या मंडळी बसल्या होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे दिवसभर त्या टँकसमोरच असायच्या. त्या म्हणाल्या, "ताई, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाय."

"माई, ते उपाशी आहे."

"कोळंबी खातंय, मग ते फूल कसलं?"

"प्राणीच आहे तो."

"मग फूल म्हणून घरात कसं आलं?" माईंनी हे नानांकडे बघत विचारलं. नानांनी टँककडे बघितलं.

शेवटी ठरलं की कोळंबी पंपहाऊसमधल्या बर्फाच्या पेटीत राहील, घरात फक्त एकेक तुकडा येईल आणि तो नाना प्लास्टिकच्या चिमट्याने भरवतील. भरवताना माई तोंड भिंतीकडे करून बसायच्या. थोड्या वेळाने भिंतीकडे बघतच विचारायच्या, "खाल्लं का?"

माशांच्या जोडीवर मात्र माईंचा जीव होता. मी त्यांना सांगितलं होतं, यातली मोठी ती मादी आणि बारका तिचा नवरा. तिचाच सगळा हुकूम चालतो, तो मागेमागे फिरतो.

"मग बरोबर हाय," माई म्हणाल्या होत्या. "नायतर मला वाटलं समुद्रात काय वेगळं असतं."

पण ती जोडी फुलाच्या आसपास घुटमळायची, आत शिरायची नाही. माईंना तेवढंच खटकायचं. "घर आवडलं नाय वाटतं मोठीला," त्या म्हणायच्या. मला वाटायचं, फुलात दम आला की शिरतील. आणि दम येत होता. पिवळा उतरत होता, खालून तपकिरी ठिपके दिसायला लागले होते. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. नानांना काही सांगायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मी सगळं आधीच समजावून सांगितलेलं होतं ना.

आणि मग तो फोन.

बंगल्यात शिरले तेव्हा टँकजवळच्या टीपॉयवर पेल्यात निळंशार पाणी होतं. बादलीत काठीला फडक्याची पुरचुंडी टांगलेली, तिच्यातून निळे धागे पाण्यात उतरत होते. मोरचूद असाच भिजवतात. फूल मिटून मुठीएवढं झालं होतं. नाना कंबरेवर हात ठेवून उभे. माई सोफ्याच्या कडेला पुढे सरकून बसलेल्या.

"किती टाकलंत?"

"दोन चमचे. त्या कोपऱ्यात. फुलाच्या अंगावर नाय टाकलं."

"नाना, फूल आत्ता बाहेर काढायचं. त्याला ओढायचं नाही, तळवा फाटला तर संपलं. दगडासकट उचलायचं. ड्रममध्ये समुद्राचं पाणी तयार आहे. ठेवायला भांडं द्या. मोठं, उथळ."

नाना धावले आणि बादली घेऊन आले.

"हिच्यात कधी मोरचूद भिजवलाय?"

"भिजवलाय."

घमेलं आणलं. तेही तसंच. निळ्या ड्रमचा अर्धा कापलेला तुकडा आणला, त्याच्या कडेला निळा राप स्वच्छ दिसत होता. टब आणला, त्यात बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, ढवळलेलं होतं. द्राक्षवाल्याच्या घरात मोरचूद न लागलेलं प्लास्टिक सापडणं किती अवघड असतं हे मला त्या दिवशी कळलं. मग नानांनी माळ्यावरून एक भलंमोठं घंगाळ काढलं आणि विजयी चेहऱ्याने पुढे ठेवलं.

"ह्याला औषध कधीच लागलेलं नाय. माझ्या आईचं हाय."

"नाना, हे तांब्याचं आहे."

"हां," नाना म्हणाले आणि घंगाळ पाठीमागे लपवल्यासारखं केलं.

"थर्माकोलचा खोका?"

"सगळे बागेत गेलेत. त्यात पुड्या ठेवल्यात."

"कसल्या पुड्या?"

नाना घंगाळ परत माळ्यावर ठेवायला वळले.

माई सोफ्यावरून उठल्या. गुडघ्यांना धरून, हळूहळू, आतल्या खोलीत गेल्या आणि एक गुलाबी प्लास्टिकचा टब घेऊन आल्या. बाळाला आंघोळ घालायचा, तळाला बदकं काढलेली. "आमच्या नातवाचा हाय," त्या म्हणाल्या. "तो पुण्याला असतो. दिवाळीला येईल. ह्यात दुधाशिवाय आणि साबणाशिवाय काय पडलेलं नाय."

मी टब ड्रममधल्याच पाण्याने दोनदा खळबळून धुतला. नानांनी पाणी भरलं, मी दोन्ही हातांनी दगडाखाली धरून फूल उचललं. त्याने चिकटा सोडला, अंग आवळलं आणि बदकांच्या मधोमध बसून राहिलं. लाइट स्टँडसकट टबावर आणला. हवेचा पंप लावला. मासे टँकमध्येच ठेवले, कारण थोड्या तांब्याने त्यांचं बिघडत नाही. उलट समुद्राच्या माशांना एका रोगावर तेच औषध देतात. हे मी नानांना सांगितलं नाही. त्या दिवशी ते चुकीच्या माणसाच्या हातात पडलं असतं.

काम झाल्यावर नाना माझ्यावर चिडले. मगापासून दाबून धरलं होतं.

"मॅडम, एक गोष्ट सांगा. डोळ्यांसमोर करपा दिसतोय. पिवळं फूल खालून काळं पडत चाललंय. तुम्ही उजेड वाढवा म्हणालात, वाढवला. कोळंबी द्या म्हणालात. आयुष्यात जे केलं नाय ते तुमच्यापायी केलं. तरी रोग वाढतोय. आणि औषध मारायचं नाय?"

"तो रोग नाही, नाना. मी सांगितलं होतं, झूझँथेली—"

"तेच तर. तुम्हीच म्हणालात, आत तपकिरी शेवाळ वाढणार. मला तेव्हाच कळलं बुरशीजन्य हाय. म्हणून तर मोरचूद."

त्यांचं काही चुकलेलं नव्हतं. ज्या माणसाची झोप बुरशीच्या भीतीने उडते त्याला मी सांगून आले होते की तुमच्या फुलाच्या अंगात काहीतरी वाढणार आहे. मग तो काय करणार?

माझ्याकडे आणखी एक लेक्चर तयार होतं. ते द्यावंसं वाटेना. हॉलच्या खिडकीतून बाग दिसत होती. मांडवाच्या कडेला, विहिरीच्या अंगाला, एक ओळ बाकीच्यांपेक्षा वेगळी दिसत होती.

"नाना, ती शेवटची ओळ पिवळी का आहे?"

"ती? तिकडं चुनखडी हाय. वेलीला लोह उचलता येत नाय. फेरस सोडलंय, येईल हिरवी."

"छान दिसते पण. फोटो काढण्यासारखी."

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं की त्यांना माझ्या पदवीबद्दल शंका आली असावी. "छान काय दिसती? उपाशी हाय ती. पानात हिरवं नाय तर ती जेवण कशात करणार?"

मी टबाकडे बोट दाखवलं.

"याच्या अंगातलं हिरवं तपकिरी असतं."

नाना टबाजवळ उकिडवे बसले. माई आता भिंतीकडे नव्हे, टबाकडेच बघत होत्या.

"म्हणजे हे पिवळं..."

"पिवळं नव्हतंच. पांढरं पडलं होतं. वरून रंग दिलाय. तो उतरतोय."

"आणि खालचा करपा?"

"पालवी आहे ती."

नानांनी टीपॉयवरचा पेला उचलला, बादली उचलली आणि दोन्ही घेऊन बाहेर गेले. परत आले तेव्हा हात साबणाने धुतलेले होते. कोपरापर्यंत.

"वीसजणांना सांगितलं मी, परदेशी दुर्मिळ जात हाय म्हणून," ते म्हणाले.

"मीसुद्धा इंटरेस्टिंग म्हणाले होते."

"तुम्हांला तेव्हा कळलं नव्हतं?"

"नाही."

"मग कोट कशाला घालता?" माईंनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्या दिवसापासून मी कोट घातला नाही.

पण फूल जगेल की नाही हे मला माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. तांबं किती अंगात गेलं हे कळायला मार्ग नव्हता. असा प्राणी मरतो तेव्हा आधी तोंड वासतं, मग वास सुटतो. तो वास एकदा घेतला की विसरत नाही, आणि मेलेलं फूल तसंच राहिलं तर सगळं पाणी नासतं. म्हणून मी म्हणाले, "वास आला की लगेच फोन करा."

"माझं नाक तेज हाय," माई म्हणाल्या. "ह्यांनी शेजारच्या गावात भजी खाल्ली तरी मला कळतं."

पुढचे काही दिवस माईंचे फोन यायचे. नानांचे नाहीत. "ताई, वास नाय." एवढंच बोलायच्या आणि ठेवायच्या. मी रोज दुकान लवकर बंद करून निफाड गाठायची. टबातलं थोडं पाणी बदलायचं, नवीन ओतायचं, फुलाकडे बघायचं. ते मिटलेलंच. तोंड जरा सैल वाटलं की मी वाकून वास घ्यायची. नाना बागेतून यायचे, दारातूनच विचारायचे, "फुटलं का?" मी मान हलवायची. ते पुन्हा बागेत.

एके दिवशी फोन आला तो नेहमीसारखा नव्हता.

"ताई, हात बाहेर काढलेत."

"कुणी?"

"त्यानी. तीन-चार काढलेत. मी त्याला कोळंबी दिली."

"तुम्ही दिली?"

"हे बागेत होते. छाटणीचं बघत होते. ते तिकडं हात पसरून बसलं, मग काय करणार मी? चिमट्यानी दिली. डोळे मिटून दिली. पण खाल्लं की नाय ते बघायला उघडले." मग म्हणाल्या, "फ्रीजमध्ये नाय ठेवणार हां मी. ते पंपहाऊसमध्येच."

मग टँकचं काम काढलं. तांबं दगडात आणि वाळूत मुरून बसतं, त्यामुळे ते सगळं काढून टाकलं. मासे ड्रमच्या पाण्यात हलवले. टँक रिकामा करून घासला, नवी वाळू, नवे दगड, नवं पाणी. कोळशाचा फिल्टर लावला. नाना सगळं बघत होते आणि मध्येच असे प्रश्न विचारायचे की माझी तारांबळ उडायची. पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, किती, चुना किती, पान खायला किती दिवसांत लागतं. त्यांना आता ते पानच वाटत होतं. एकदा म्हणाले, "याला वरून काही फवारता येईल का? टॉनिक?" मी म्हणाले, "नाना, काहीही करू नका. एवढंच टॉनिक." ते म्हणाले, "हे सगळ्यात अवघड हाय बघा. बागेतही मला हेच जमत नाय."

दिवाळीच्या आधी फूल टँकमध्ये गेलं. टब माईंनी स्वतः उकळत्या पाण्याने धुतला, उन्हात वाळवला, पुन्हा धुतला. नातवाच्या आईला काही सांगायचं नाही असं आमच्यात ठरलं. मी ते आजवर पाळलं आहे. ती मुलगी हे वाचणार नाही अशी आशा आहे.

नव्या जागी फुलाने दगड धरला आणि उघडलं. पिवळ्याचा मागमूस नव्हता. ओल्या मातीसारखं तपकिरी अंग, बदामी शुंडक आणि प्रत्येकाच्या टोकाला वांग्याच्या फुलासारखा फिका जांभळा. इतका वेळ रंगाखाली दडलेलं. मोठी मासोळी एक फेरी मारून गेली. दुसरी मारून गेली. मग अंग घासत घासत शुंडकांत शिरली आणि तिथेच वळून बसली. बारका बाहेर फिरत होता, तिने त्याला ढुशी देऊन आत घेतलं.

माईंनी पदर डोळ्यांना लावला. नानांनी ते पाहिलं. मलाच म्हणाले, "चहा घेणार का मॅडम?"

दिवाळीला पाहुणे आले. ज्यांनी वास्तुशांतीला पिवळं फूल पाहिलं होतं ते सगळे टँकसमोर उभे राहिले आणि हळहळले. "पिवळं होतं ना हो? गेलं वाटतं?"

"हेच ते," नाना म्हणायचे.

"मग असं का झालं?"

"बरं झालं म्हणून."

लोकांना ते पटत नसे. एक पाहुणा तर मला बाजूला घेऊन म्हणाला, "मॅडम, नानांना दुसरं पिवळं आणून द्या, बिचारे मन मारून बोलतात." नानांचे व्याही सिन्नरचे. ते आमच्याच दुकानात आले. त्यांनाही टँक हवा होता आणि फूल हवं होतं, पण नानांसारखं मातकट नको, रंगीत हवं. मी रंगाचं सगळं सांगितलं. या खेपेला चार ओळींतच सांगितलं. त्यांनी मान डोलवली, मुंबईला गेले आणि गुलाबी फूल घेऊन आले. टँकही तिथल्याच माणसाकडून बसवून घेतला.

मला वाईट वाटलं. गिऱ्हाईक गेलं म्हणून वाटलं, खोटं कशाला सांगू. फुलाचंही थोडं वाटलं.

द्राक्षं काढणीला आली त्या सुमाराला नानांचा फोन आला.

"मॅडम, व्याह्यांचा फोन होता. त्यांचं गुलाबी फूल खालून तपकिरी पडायला लागलंय. फार घाबरलेत. मला विचारत होते, काय औषध टाकू."

"मग तुम्ही काय सांगितलंत?"

"मी म्हणालो, पेढे वाटा."

व्याह्यांनी पेढे वाटले नाहीत, त्यांचा तो स्वभाव नव्हता. पण पुढच्या आठवड्यात त्यांच्या टँकचं काम माझ्याकडे आलं. तिथे मी साध्या साडीत गेले आणि दारातच, पाणी प्यायच्याही आधी, त्यांना सांगितलं की हे आता बरं होत जाणार आहे, म्हणजे दिवसेंदिवस तुम्हांला कमी आवडत जाणार आहे.

वीस वर्षांच्या धंद्यात मी शिकले ते एवढंच. बरी होणारी गोष्ट मध्यंतरी जास्त वाईट दिसते. हे गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशी सांगितलं तर त्याला सल्ला म्हणतात. तेच महिन्याभराने सांगितलं तर त्याला सबब म्हणतात.